आधी जोड, मग रंगव

एकदा एक वृद्ध मिस्त्री होता, अशी सुरुवात मी करतो खरी; पण सगळे नीट आठवते आहे का, याची शंकाच वाटते. त्याने ती गाडी दोनदा खोलली की तीनदा, हेही मला बरीच वर्षे खात्रीने सांगता येत नव्हते.

हळदीच्या एका व्यापाऱ्याने वडिलांच्या तरुणपणची पिकअप त्याच्याकडे दुरुस्तीला आणली. वडील ऐंशीच्या पुढे गेले होते. खंडेनवमीला, वाहनांच्या पूजेच्या दिवशी, त्यांनी ती पुन्हा एकदा स्वतः चालवावी, एवढीच मुलाची इच्छा. हिरव्या रंगाचा डबाही त्याने आधीच आणून दिला.

मिस्त्रीचा शिष्य श्रीपती कामसू, पण उतावळा. गंज खरवडून झाला, सडलेला पत्रा बदलला, इंजिन सुरू झाले. नवमीला पंधरवडा उरला तेव्हा त्याने डब्याला हात घातला.

"एकेक भाग रंगवतो, चाचा, आणि मग जोडतो."

"आधी जोड," मिस्त्री म्हणाला. "उघडीच."

श्रीपतीने दारे, बॉनेट, सगळे बिनरंगाचे जोडले. मिस्त्रीने मागे हळदीची चार पोती टाकली, गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने नदीपर्यंत नेऊन आणली, दोन ठिकाणी खडूने वर्तुळे काढली आणि म्हणाला, "आता सगळे खोल."

श्रीपती मटकन खाली बसला. "नवमी तोंडावर आलीया. शेठ गाडी सोडून माझीच पूजा घालतील."

"घालू देत. नारळ तरी पदरात पडेल."

चालकाच्या बाजूचे दार खड्ड्यात आपोआप उघडले होते. मिस्त्रीने श्रीपतीच्या हाती हातोडा दिला. चार बिनधास्त घाव बसले आणि दार जागेवर आले.

"हेच दार हिरवे असते, तर असा घाव घातला असतास?" मिस्त्रीने विचारले. "रंग चढला की हात भितो, बाळा. भ्यालेला हात चूक दुरुस्त करत नाही, झाकतो. म्हणून चुका उघड्या लोखंडावरच होऊन जाऊ देत. कोणते काम आधी करायचे, हे ठरवताना एवढेच बघ, की नंतरच्या कामाने आधीचे बिघडणार नाही ना."

पुन्हा जोडणी, पुन्हा फेरी, पुन्हा खडू. मगच रंगाचा डबा उघडला.

खंडेनवमीला म्हातारबुवा गाडीत बसले, एका बोटाने दार ओढून घेतले आणि पूजेची वाट न पाहता निघाले. भोंगा वाजवत त्यांनी बाजाराला तीन फेऱ्या मारल्या. ताट आणि नारळ घेऊन शेठ मागे धावत होते, आणि अख्खी पेठ हसत होती.

पुष्कळ वर्षांनी श्रीपती मला त्याच्या स्वतःच्या गॅरेजात भेटला, तेव्हा गाडी किती वेळा खोलली, ही माझी शंका मी त्याला विचारली.

"तीनदा," तो म्हणाला. "दोनदा माझ्यामुळे. तिसऱ्यांदा बॉनेट चाचांनीच वाकडे बसवले होते. त्यावर सगळ्यांत मोठे वर्तुळ काढून त्यांनी मला हाक मारली, म्हणाले, ये, आज हसायची पाळी तुझी."