मुंडकेघाटाला घातलेली हाक

एका राज्यात शब्दांवर बंदी आली होती. ऐकून तुम्हांला हसू येईल, पण तिथं कुणाची हसायची छाती नव्हती. राजा धवलकेतूच्या आजोबांनी नदीच्या घाटावर नावाड्यांची मुंडकी कोयत्यानं उडवली होती. का, तर त्यांनी शत्रूला पार उतरवलं असा नुसता संशय! तेव्हापासून त्या जागेला मुंडकेघाट म्हणत. राजा मनाचा हळवा. ते नाव कानी पडलं की घास त्याच्या घशाखाली उतरत नसे.

तेवढ्यात आला कपालधर मांत्रिक. म्हणाला, बोचणारे शब्द मला द्या, मी ते रांजणात कोंडतो. राजानं खुशाल दिले. मुंडकेघाटाचा मोगरेघाट झाला, कोयत्याची चंद्रकोर झाली, रक्ताची आठवण नको म्हणून तांबड्याला उजळ म्हणायचं ठरलं. बाजारात उजळ भोपळा मागताना बायांची कोण तारांबळ! ज्यांची माणसं मेली होती, त्यांना मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि खरी मेख तर पुढंच होती. जुना शब्द जो उच्चारील तो दगड होईल. एक म्हातारी सवयीनं कोयता म्हणाली आणि शेताच्या बांधावरच दगड होऊन बसली.

पोवळी नावाडीण हे सारं मुकाट सोसत होती. पण बंदीनंतरच्या पहिल्याच फेरीहून तिचा नवरा सोमाजी होडी घेऊन परतला, आणि होडी काठाला लागेना. नावाड्यांची रीत अशी, की घाटाला नावानं हाक घालावी, मग घाट होडी जवळ घेतो. मोगरेघाटाला हाका घालून सोमाजीचा घसा बसला. घाटानं ओळखच दिली नाही. होडी भोवऱ्यात गरगरू लागली, तळातून पाणी आत येऊ लागलं. खरं नाव घ्यावं तर दगड होऊन बुडायचं. पोवळीचा जीव टांगणीला लागला.

वडावरची साळुंकी तिला म्हणाली, "रांजण फुटला तर शाप सुटेल. त्याला घाटाची माती हवी, मेलेल्यांच्या घरचं आसू हवं. आणि मारणाऱ्याच्या वंशजानं ते नाव कारणासकट उच्चारायला हवं."

घाटाच्या मातीची राखण मांत्रिकाचा नाग करत होता. पोवळीनं त्याच्या फण्यावर पदर टाकला आणि मूठ भरून घेतली. नागाच्या फूत्कारानं पदराची राख झाली. तशीच ती धावत राजवाड्याच्या गच्चीवर गेली. तिथं रांजण होता, राजा होता, मांत्रिकही होता. तिनं माती फेकताच रांजणाला तडा गेला.

आता आसू. धनी पाण्यावर असताना नावाड्याची बायको रडत नाही, रडली तर नदी चढते. पोवळीनं आजवर पापणीसुद्धा ओली होऊ दिली नव्हती. दुसरा उपाय कुठं होता? ती पोटातून रडली. तडा वाढला, आणि खाली नदीही फुगली. पाणी होडीच्या काठाशी आलं.

पोवळी राजाला म्हणाली, आता ते नाव कारणासकट तुम्हीच घ्या. पण मांत्रिक त्याला बजावू लागला की तोंड उघडाल तर दगड व्हाल. राजा पोवळीकडं वळला.

त्यानं विचारलं, "बाई, ते नाव ऐकून तुला यातना होत नाहीत?"

"होतात, महाराज. पण माझा आजा तिथं पडला. नाव पुसलंत तर त्याला मी कुठं शोधू? आणि माझा धनी आत्ता बुडतो आहे."

राजानं नदीकडं पाहिलं. "मुंडकेघाट," तो म्हणाला. त्याचे पाय दगड झाले. "माझ्या आजोबांनी," दगड कमरेला आला. "तिथं निरपराध माणसं," दगड गळ्याशी आला. उरल्या श्वासात तो म्हणाला, "मारली."

रांजण फुटला. शब्द मोहोळ उठावं तसे बाहेर पडले. राजाच्या अंगावरचा दगड गळून पडला, आणि मांत्रिकाची जागच्या जागी काजळी झाली. बांधावरची म्हातारी कंबर चोळत उठली. सोमाजीनं खऱ्या नावानं हाक घातली, तशी घाटानं होडी जवळ घेतली. पोवळीनं त्याला गच्च धरलं आणि आता मनसोक्त रडली.

राजा स्वतः घाटावर आला. आणखी कुठलं नाव बोचत असेल तर सांग, म्हणाला, तू म्हणशील तेच बदलीन.

"एकच आहे, महाराज. वेशीवर तुमच्या आजोबांच्या नावाआधी प्रजावत्सल असं कोरलं आहे."

राजानं पाथरवटाला बोलावलं नाही, त्याची छिन्नी तेवढी मागून घेतली. दिवसभर तो शिडीवर उभा राहून त्या शब्दाचं एकेक अक्षर उडवत होता, आणि खाली नावाडी उभे राहून बघत होते.