वरची कोरडी माती

फार वर्षांपूर्वी एका गावाला हुतुतूचं भारी वेड होतं. गावाबाहेर खेळाचं मैदान होतं आणि ते सांभाळायला एक राखणदार. तीन वर्षं ओळीने जिंकलेलं निशाण मैदानाच्या कडेला डौलात फडकत असे. नियम मात्र कडक होता. पाहुणा संघ आला आणि मैदान तयार नसलं, तर निशाण न खेळताच त्यांचं.

त्या वर्षी सामना तीन दिवसांवर आला आणि अवकाळी पाऊस कोसळला. मैदानाचा नुसता राडा झाला. राखणदाराने चर काढून पाणी बाहेर सोडलं आणि ऊन-वारा लागावा म्हणून माती उकरून ठेवली.

गावच्या पाटलांना कुठला धीर! सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळीच ते आले. "वरून कोरडी माती पसर आणि दगडी रूळ फिरव."

"पाटील, पाणी खालीच कोंडेल. पाय रुतेल कुणाचा तरी."

"आणि निशाण गेलं, तर तू आणून देणार आहेस का?"

राखणदार मान खाली घालून रूळ ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी मैदान कसं लख्ख दिसत होतं. गाव खूश. पहिली चढाई पाहुण्यांची ठरली. त्यांचा धिप्पाड गडी मांडी थोपटत मधल्या रेषेशी आला. पाटील डोळे वटारून राखणदाराकडेच बघत होते.

गड्याने दम धरला.

"थांबा!" राखणदार ओरडतच मैदानात धावला. रेषेपलीकडे जाऊन त्याने टाच जोरात दाबली. वरचा पापुद्रा फुटला आणि पाय घोट्याच्या वर चिखलात गेला.

"पळताना असा रुतला असता, तर मोडलाच असता," तो गड्याला म्हणाला.

गड्याचा चेहरा उतरला. त्याने हात देऊन राखणदाराला बाहेर ओढलं. मग नियमाप्रमाणे पाहुण्यांनी निशाण उतरवून नेलं.

पाटील संतापले. "चारचौघांत अब्रू घालवलीस! हे कालच का नाही बोललास?"

"बोललो होतो."

"एकदाच! आत्तासारखा ओरडला का नाहीस?"

विचारणारे खुद्द पाटीलच, म्हणून लोकांना हसू आलं. राखणदाराला आलं नाही. काल तो असाच ओरडला असता, तर पाटलांनी ऐकलं असतं, उकरलेली माती दिवसभर उन्हात वाळली असती आणि निशाणही गावातच राहिलं असतं.

तात्पर्य एवढंच: धोका दिसत असताना एकदा बोलून गप्प बसू नये, समोरचा ऐकेपर्यंत बोलत राहावं.