चिमा कोष्टिणीची टोपली

"पौर्णिमेस प्रत्येक घराने टोपलीभर टाकाऊ जिन्नस मोडशाळेत आणून घालावा! न घालील त्याचे घर जप्त!"

राजा शूरपालाने अशी दवंडी पिटवली. मोडशाळा त्याने वेशीपाशी नवीच बांधली होती. फुटकी भांडी, फाटकी वस्त्रे तेथे जमा होत आणि कारागीर त्यांतून नवे जिन्नस घडवीत. हेतू उत्तम होता. हट्ट तितका उत्तम नव्हता.

पौर्णिमेस सारे नगर टोपल्या घेऊन लोटले. धोंडू कोष्टी मात्र कपाळाला हात लावून बसला.

"चिमे, टाकायला आपल्याकडे आहे काय?"

"काही नाही, बाबा. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरे. पोतेरे चुलीत गेले की राख, आणि राखेने भांडी लख्ख! देवाने दिलेले टाकायचे कोठे?"

"मग घर गेले!"

"जात नाही. ती टोपली द्या इकडे."

मोडशाळेच्या दारी राजा स्वतः उभा होता. कारभाऱ्याने चिमाच्या टोपलीत डोकावले.

"अगं, ही तर रिकामी!"

"नीट पाहा, कारभारीबुवा. आमच्या घरातली एकुलती एक टाकाऊ वस्तू आहे तीत."

राजा पुढे सरसावला. "मला काही दिसत नाही! थट्टा करतेस? वस्तूचे नाव सांग, नाहीतर घर गेलेच म्हणून समज!"

"महाराज, ती आपली दवंडी."

कारभाऱ्याने डोळे मिटून घेतले.

"घरात आली तेव्हापासून तिचा उपयोग शोधते आहे," चिमा म्हणाली. "पांघरावी, तर ऊब नाही. चुलीत घालावी, तर पेटत नाही. तिने भांडे घासले जात नाही. म्हाताऱ्या बापाची झोप तेवढी खाल्ली! इतकी निरुपयोगी वस्तू आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. आपल्या कारागिरांना तिचे काही करता येते का, पाहावे."

राजाचा चेहरा लाल झाला. मिशा थरथरल्या. आणि तो खदखदून हसला!

"कारभारी, टोपली जमा करून घ्या! या मोडक्या दवंडीची नवी दवंडी घडवा: ज्याच्या घरी काही वाया जात नाही, त्यास टोपली माफ! आणि पोरी, तुला काय देऊ?"

"राजवाड्यातले टाकाऊ जिन्नस आमच्या घरी पाठवावेत, महाराज. आम्ही त्यांचे सोने करू."

"एवढेच? दिले!"

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी चिमाच्या दारी लागली, तेव्हा शेवटची अजून राजवाड्यातच भरली जात होती.