खांबडीच्या हरबाची लाकडं

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून रस्ता फुटला नव्हता तेव्हा, खांबडी गावात हरबा नावाचा माणूस राहत होता. घाटाखालचं गाव, पाऊस लागला की दिवाळीपर्यंत नीट उघडीप नाही. आता मरण काही पाऊस बघून येत नाही, आणि ओल्या लाकडाचं सरण पेटत नाही. म्हणून गावाच्या सरणाची लाकडं आधीच तोडून आणायची, उन्हात वाळवायची आणि मसणवटीजवळच्या खोपीत रचून ठेवायची, हे काम पिढ्यान् पिढ्या हरबाच्या घराकडे होतं.

काम लाकडाचं दिसे, पण होतं अंदाजाचं. थंडी पडली की हरबा घरोघर फिरायचा. ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा आणि बघत राहायचा. कोणाचा खोकला गेल्या सालचाच आहे, कोण उठताना भिंत धरतं, कोणती पोर पोटुशी आहे आणि तिच्या अंगात रक्त नाही. मनाशी अंदाज बांधून तो पौष सरायच्या आत लाकूडतोड्यांना सांगावा धाडायचा, कारण पुढची सगळी उन्हं खाल्ल्याशिवाय लाकूड वाळत नाही. आपण तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं. हरबा तसा नव्हता. अंदाजावर एक सरण तो नेहमी जास्तच रचायचा. हे कोणाचं, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला कळलं नाय त्याचं."

असं म्हणतात की त्याचा अंदाज कधी चुकला नाही. म्हणणाऱ्यांचं काय जातं? हरबा मात्र त्या अंदाजानं पार थकून गेला होता. ज्यांच्या घरचं पाणी प्यायचं, त्यांच्याच सरणाची लाकडं मोजायची. तो ओट्याशी आला की बाया पोरांना आत ओढत. दर साली तो ग्रामदेवीपुढे एकच मागायचा, एकदा तरी माझं चुकू दे. पावसाळा सरून एखादं सरण उरलंच, तर त्याची बायको येसू त्या दिवशी घरात गोड करायची.

एका साली भातं पोचट निघाली. त्या थंडीत हरबा गावभर फिरला, आणि ज्या त्या घरात त्याला नुसती हाडं दिसली. घरी येऊन तो जेवला नाही. त्यानं दुप्पट लाकूड मागवलं. खोप भरली, शेजारी दुसरी बांधली, आणि गाव घाबरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हरबा मरण बोलावतो, असं जो तो बोलू लागला. गावाचा कारभार बघणाऱ्या विसाजी खोतानं त्याला बोलावून सुनावलं, "तू रचतोस म्हणून माणसं जातात."

हरबा म्हणाला, "लाकडं मी मागवतो, खोतबाबा. माणसं नाय."

ऐकतो कोण? शिमग्याला गावानं दोन्ही खोपी रिकाम्या केल्या आणि सगळं लाकूड होळीत घातलं. मरणच जाळलं म्हणून लोक बोंबा मारत नाचले. असं म्हणतात की ती होळी घाटमाथ्यावरून दिसली. पुन्हा काडी आणलीस तर गाव सोडावं लागेल, असं खोतानं हरबाला बजावलं. हरबा भांडला नाही. भांडायला अंगात जीव लागतो.

मृग लागला आणि पाठोपाठ ताप आला. पहिलं सरण ओल्या लाकडाचं रचलं. ते दिवसभर धुमसलं आणि पेटलं नाही. मग लोक मान खाली घालून हरबाच्या दारात उभे राहिले. हरबा आपल्या छपरावर चढला आणि चुलीच्या धुरानं वाळलेले वासे उपसू लागला. पुढे रोज कोणीतरी यायचं आणि रोज घर थोडं कमी व्हायचं. शेवटी येसूलाही ताप चढला. तेव्हा तिच्या डोक्यावर एक आढं आणि त्यावरचा पेंढा एवढंच छप्पर उरलं होतं.

त्याच दिवशी विसाजी खोताची लेक गेली. खोत भर पावसात आला, पागोटं हातात धरून. हरबानं आढ्याकडे बघितलं, मग येसूकडे. त्याला हात उचलवेना.

येसू म्हणाली, "काढा. मी भिजलेलीच हाय."

त्यानं आढं काढून दिलं. दुसऱ्या दिवशी येसू गेली. घरात जाळण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हरबानं कोणाकडे काही मागितलं नाही. तो तिच्याजवळ पावसात बसून राहिला. मग गावातून घरं मोडल्याचे आवाज येऊ लागले. ज्यानं त्यानं आपला वासा काढला, कोणी नांगर आणला, कोणी पाळणा, आणि खोतानं आपल्या ओसरीचा खांब. असं म्हणतात की पाऊस कोसळत होता, पण त्या सरणावर थेंब पडला नाही. हरबानं त्या ढिगावरून हात फिरवला. "एवढं लागत नाय," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. घाट चढून गेला असं काही म्हणतात.

खांबडीत आजही पौषात सगळं गाव मिळून हरबाच्या नावानं लाकूड तोडतं. होळीत त्यातली काडी जात नाही. घरोघर फिरून बघायचं काम मात्र दर साली वेगळ्या माणसाकडे जातं, कारण ते एकाच्या जिवावर टाकायचं नाही असं गावानं ठरवलंय. ज्याची पाळी असेल तो ओट्यावर टेकला की घरची बाई गूळपाणी ठेवते, आपला खोकला, आपलं दुखणं आपणहून सांगते, आणि तो उठायच्या आत त्याला विचारते, "आणि तू कसा हायस?"