निरगुडीचा लेप

त्या राज्यात जो घाणा ओढी, त्यालाच गोठा मिळे. घाणा सुटला की गोठा सुटे, आणि पुढे माळरानाखेरीज काही नसे. मांजरे मात्र घाणा ओढत नसत. ती घाण्यांच्या आवारात तिळाच्या पोत्यांमागे जन्मत आणि पिल्ले वाढली की पोत्यांत भरून नदीपार टाकली जात.

आवाराला एकच दार होते. त्यावर हंबीर नावाचा म्हातारा कुत्रा बसे. त्याचे नाक राज्यात नावाजलेले होते आणि ते त्यालाही ठाऊक होते.

एका वर्षी राज्याला मांजरांची दया आली. बगळा कारभारी होता. त्याने हुकूम काढला, की मांजर पिंजऱ्यात धरायचे, वैद्याकडून त्याची वीण बंद करायची, डाव्या कानाचे टोक छाटायचे आणि होते तिथेच परत सोडायचे. ज्याचा कान छाटलेला, त्याला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. हुकूम चांगला होता. अडचण एवढीच, की पोट भरलेले मांजर पिंजऱ्यात शिरत नाही आणि आवारात कोणीतरी चोरून खाऊ घालत होते.

म्हणून हंबीरवर काम आले. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय हुंगायचे आणि मांजराचा वास कोणाला येतो ते बघायचे.

तिसऱ्याच दिवशी तानू गाढवीण सापडली. वीस वर्षे ती एकच घाणा ओढत होती.

“तानूबाई, त्या भुरी मांजरीला खायला तुम्ही घालता.”

“घालते. चार पिल्लांची आई आहे ती. तुम्ही घालणार होता काय?”

“दोन दिवस थांबा. पिंजऱ्यात शिरू दे. मग सगळ्यांदेखत घाला, मी अडवणार नाही.”

तानू म्हणाली, “थांबेन. पण हंबीरराव, तुमचं नाक काय मांजरापाशीच थांबतंय होय?”

“मांजरापुरतंच. माझा शब्द आहे.”

पाठीमागचा बैल हसला. “शब्द पाळा, नाही तर नाक चालवा. दोन्ही एका तोंडाला जमायचं नाही!” रांगेत खसखस पिकली. हंबीर मात्र हसला नाही. त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

तानूने शब्द पाळला. भुरी धरली गेली, बरी होऊन आली, छाटलेला कान घेऊन उन्हात पसरू लागली. दोन महिन्यांत आवारातले एकही मांजर धरायचे उरले नाही. हुंगणे मात्र उरले. बंद करा असे कोणी म्हटले नाही, आणि हंबीरनेही विचारले नाही. रांग आपल्यापुढे थांबते, हे त्याला आवडू लागले होते.

एके दिवशी बगळा दारात आला. “मांजरं संपली. आता त्या नाकाचा उपयोग काय?”

हंबीरला ते लागले. “या नाकाला सगळं कळतं. कोण काय खाऊन आलं, कोण कुठं जाऊन आलं.”

“बोलायला काय जातंय! एक तरी सांगून दाखवा.”

“तानूच्या दुखऱ्या उजव्या गुडघ्याला वीस दिवस निरगुडीचा लेप आहे,” हंबीर ताडकन म्हणाला. “वरून तेल चोळून वास दाबते. पण माझ्यापुढं दबत नाही.”

बगळ्याने मान हलवली. “नाक खरंच चांगलं आहे,” म्हणाला आणि गेला. हंबीर दुपारभर ताठ बसला.

दुसऱ्या दिवशी तानूच्या घाण्याला खेचर जुंपले होते.

तानू दारात आली तेव्हा तिच्या पाठीवर तिचे गोणपाट होते, तेवढाच तिचा संसार. हंबीर उठून उभा राहिला. ती आज लंगडणे लपवत नव्हती.

“मांजर मी तुमच्या तोंडावर कबूल केलं होतं,” ती म्हणाली. “गुडघा माझा होता, हंबीरराव.”

ती माळाकडे चालू लागली. तो बगळ्याकडे धावला. तिला परत घ्या म्हणाला. बगळा एका पायावर उभा होता, त्याने दुसरा खाली टेकलासुद्धा नाही. “मी कुठं काय केलं? तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं.”

त्या दिवसापासून हंबीरने हुंगणे सोडले. रांग आली की तो भिंतीकडे तोंड करून बसे. पण जनावरे आता अंगाचा वास धुवायला नदीतून पोहून कामावर येऊ लागली. ऐन थंडीत, पहाटे, अंगावरून पाणी निथळत, दात वाजवत. म्हातारा बैल खोकू लागला, तरी तोही पाण्यातूनच येई.

“अरे, मी हुंगत नाही!” हंबीर एकदा भिंतीकडे बघतच ओरडला. नुसते ओले खूर वाजत राहिले.

दिवस मावळायला तो घरी गेला. त्याची बायको गोजरा अंगणात होती. तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. बारा वर्षे ती त्याच्या डाव्या अंगाला बसत आली होती. आज ती क्षणभर उभीच राहिली. वारा कुठून येतो ते तिने पाहिले. मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि वारा त्याच्याकडून तिच्याकडे येईल अशा जागी, जरा लांबच, बसली.