राजाचं सोंग आणणारा रखमाजी

एक होता राजा. भारी संशयी, बरं का. पारावर चार माणसं हसताना दिसली की त्याला वाटायचं, आपल्यालाच हसतायत. मग त्यानं दवंडी पिटवली, राजाला हसेल त्याला कोठडीत टाकू.

त्याच राज्यात रखमाजी नावाचा बहुरूपी होता. कधी वैद्याचं सोंग घ्यायचा, कधी खाष्ट सासूचं. लोक हसायचे, भाकरी द्यायचे.

एकदा काय झालं, राजानं विहिरींवर पहारे बसवले. आधी राजाचा जयजयकार करायचा, मग पाणी. रखमाजीच्या शेजारी भागूआजी राहायची. ती बिचारी मुकी. जयजयकार कसा करणार? शिपायांनी तिला रिकाम्या घागरीनिशी परत पाठवलं. रखमाजीनं ते पाहिलं आणि त्याला जेवण गेलं नाही.

मग तो बाजारात राजा होऊन आला. डोक्यावर पत्रावळीचा मुकुट, ओठावर काळ्या मिशा. हौदावरच्या म्हशीला म्हणाला, आधी जय म्हण, मग पाणी पी. म्हैस आपली रवंथ करत उभी. बायकांनी तोंडाला पदर लावले. शिपायांनी मुकुट फाडला.

पुढच्या बाजाराला तो नुसत्या मिशा लावून आला. लोक हसलेच. शिपायांनी मिशा उपटल्या.

त्याच्या पुढच्या बाजाराला मुकुट नाही, मिशा नाहीत. रखमाजी नुसता कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून उभा राहिला. अख्खा बाजार हसला. मग मात्र त्याला धरून नेलं.

राजाचा निरोप आला, उद्या दरबारात माझ्यासमोर माझं सोंग कर. कुणी हसलं, तर तू जन्मभर कोठडीत.

बायको गोजराबाई भेटायला आली. रखमाजी म्हणाला, "मला नाही जमायचं गं. पाय लटपटतायत."

गोजरा हळूच म्हणाली, "लटपटू द्या की. राजाचेच पाय आहेत म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. रखमाजी लटपटतच मधे आला. पडद्यामागं डोकावला, आसनाखाली वाकून पाहिलं. खिडकीत पारवा घुमला, तर दचकून म्हणाला, "कोण हसलं? धरा त्याला." मग आपलीच सावली दिसली, तिलाही धरायला सांगितलं.

सगळे ओठ दाबून बसले होते. आणि म्हातारी राजमाता खुदकन हसली. मग प्रधान हसला, भालदार हसले. राजा ओरडला, "कोण हसलं? धरा त्याला." अगदी तसंच, बरं का. धरणार कोण? शिपाई पोट धरून खाली बसलेले.

राजाचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "आई, मी असा दिसतो?"

राजमाता म्हणाली, "असाच दिसतोस, बाळा. सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायची सोय तूच ठेवली नव्हतीस."

राजा आसनावरून खाली उतरला. मग त्यानं रखमाजीला सोडलं, विहिरींवरचे पहारे उठवले, दवंडी मागं घेतली. भागूआजीनं काठोकाठ घागर भरून नेली.

राजा काही एका दिवसात शहाणा झाला नाही हं. कपाळाला आठ्या पडायच्याच. पण माणसं मोकळेपणानं बोलू लागली ती लागलीच, आणि सगळी सुखानं नांदली.

चला, आता पांघरुणं ओढा बघू. कुशीवर वळा, आणि डोळे मिटा.