पानाच्या पुडीतलं फूल

मामलेदारकीतून निवृत्त झाल्यावर बावडेकरसाहेबांनी एन्झाइमच्या कॅप्सूल खपवायला घेतल्या. सायनस असो, अपचन असो की नुसता आळस, साहेबांकडे सगळ्यावर तीच एक डबी. दरारा जुनाच, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची गावात कोणाची छाती होत नसे.

फुलं विकणाऱ्या द्वारकाचा नवरा सायनसने बेजार होता. साहेबांचं ऐकून तो डॉक्टरांचं औषध बंद करायला निघाला, तशी द्वारका फुलांची परडी घेऊन त्याच्याबरोबर साहेबांच्या कॅप्सूलच्या सभेला गेली.

साहेब सांगत होते, "तीन वर्षं मी हीच कॅप्सूल घेतोय. आता माझं नाक इतकं तिखट झालंय, की कुठलाही वास असो, ओळखतो!"

द्वारकाने पानात बांधलेली एक पुडी पुढे केली. "मग साहेब, न सोडता सांगा, आत कोणतं फूल आहे?"

साहेबांनी डोळे मिटून पुडी नाकाला लावली. "अहाहा! मोगरा! तोही आज पहाटे खुडलेला!"

द्वारकाने दोरा सोडला. आत अबोलीचा गजरा होता. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, कारण अबोलीला वासच नसतो.

साहेब लालबुंद झाले. "म्हणजे माझी कॅप्सूल खोटी?"

"तसं कसं म्हणू साहेब?" द्वारका शांतपणे म्हणाली. "नसलेला वास तुम्हाला आला, तसा गुणही आला असेल. आमच्या ह्यांचं नाक चोंदलेलं आहे, पण ते खोटं बोलत नाही."